हिमालयातील चुलीचा हिशेब

ज्या श्रीपेरुंबुदुरात जन्मलेले रामानुजाचार्य, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बोधायनवृत्ती या ब्रह्मसूत्रांवरील टीकेच्या शोधार्थ काश्मीरपर्यंत गेले, ते गाव समुद्रसपाटीनजीक असल्याने तेथे पाणी सुमारे 100 अंशांना उकळते. परंतु 5,000 मीटरांवर हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येत असल्यामुळे तेच पाणी 83 अंशांच्या आसपास उकळू लागते, आणि तूरडाळ तासभर शिजवूनही दाताखाली कचकचत राहते. म्हणून शिध्यात पोहे, सातू, मुगाची डाळ यांची तजवीज करावी.

खरा खर्च मात्र बर्फाचा आहे. एक किलो बर्फाचे नुसते पाणी होण्यास 334 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ते पाणी पुढे उकळीस आणण्यास जवळजवळ तितकीच. अर्थात ज्या मुक्कामी वाहता झरा नाही, तेथे इंधन दुपटीने जाते. यास्तव वाटेचा नकाशा आणि इंधनाचा हिशेब एकाच बैठकीत मांडावा, असा माझा आग्रह आहे. 3,000 मीटरांच्या वर निजण्याची जागा रोज 500 मीटरांहून अधिक उंचावू नये हा शिरस्ता पाळला की रात्री वाढतात, आणि त्या मानाने इंधनही.

इंधन म्हणून गॅस न्यायचा, तर ब्युटेन कडाक्याच्या थंडीत पुरेसे वायुरूप होत नाही. प्रोपेन मिसळलेला गॅस घ्यावा. आगगाडीत व विमानात गॅसच्या डब्यांना मनाई असल्याने चेन्नईहून निघणाऱ्याने ते मनालीस किंवा लेह येथेच विकत घ्यावेत.