रक्त पातळ करणारी गोळी : गुण आणि दुष्परिणाम

हृदयाची झडप बदलून धातूची झडप बसविलेले, अथवा हृदयाचे ठोके अनियमित पडणारे रुग्ण आपल्या आसपास असतात. त्यांपैकी अनेकांना डॉक्टर 'वॉर्फरिन' किंवा त्याच कुळातील 'असिनोकुमारॉल' ही गोळी देतात. लोक तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. वास्तविक रक्त पातळ होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. या गोळीचे दुष्परिणाम रुग्णाला व घरच्यांना ठाऊक असावेत, म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

या औषधाचा इतिहास बोधप्रद आहे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिका व कॅनडात बुरशी लागलेली क्लोव्हर जातीची वैरण खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली त्या वैरणीतील घातक द्रव्य वेगळे केले. त्यावरून पुढे तयार झालेले वॉर्फरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. म्हणजे विष आणि औषध यांत येथे अंतर आहे ते मात्रेचे.

आपले यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठविणारे घटक तयार करते. ही गोळी त्या कामात अडथळा आणते. त्यामुळे झडपेवर किंवा हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरत नाही व पक्षाघाताचा धोका कमी होतो. परंतु परिणाम प्रमाणाबाहेर गेला की रक्तस्राव सुरू होतो. मात्रा बरोबर आहे की नाही हे 'आयएनआर' या रक्ततपासणीने कळते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा सुमारे १ असतो. या रुग्णांत तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान, आणि काही धातूच्या झडपांसाठी थोडा अधिक ठेवतात. आपला आकडा किती असावा हे डॉक्टरांनाच विचारावे.

धोक्याच्या खुणा अशा : हिरड्यांतून वा नाकातून वारंवार रक्त येणे, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग पडणे, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौचास होणे, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होणे. एकाएकी तीव्र डोकेदुखी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर बाहेरून काही दिसत नसले तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बराचसा धोका इतर औषधांतून उद्भवतो. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन वा डायक्लोफिनॅक यांसारखी गोळी रक्तस्राव वाढविते. जुलाबावर देतात ते मेट्रोनिडॅझोल आयएनआर वाढविते, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो खाली आणते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे, दात काढण्यापूर्वी दंतवैद्याकडेही, ही गोळी चालू असल्याचे प्रथम सांगावे. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. त्या वर्ज्य नाहीत. मात्र आठवडाभर रोज आणि पुढे महिनाभर मुळीच नाही, असे करू नये. मद्य टाळावे. गर्भावर या औषधाचा विपरीत परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा भगिनींनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुष्परिणाम वाचून गोळी आपल्या मनाने बंद करणे ही मात्र सर्वांत मोठी चूक होय. धातूच्या झडपेवर गुठळी बसली तर जीव जाऊ शकतो. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. तपासणी न लागणारी नवी औषधे आता निघाली आहेत, परंतु धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. त्यांना जुनी गोळी आणि नियमित तपासणी यांवाचून पर्याय नाही.

विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरातील ज्या वडीलधाऱ्यांना ही गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी एक वही करावी. तीत तारीख, गोळीची मात्रा, आयएनआरचा आकडा आणि पुढील तपासणीचा दिवस लिहावा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही या वहीमुळे कोणत्याही दवाखान्यात योग्य उपचार मिळणे सोपे होईल. आपल्या शिक्षणाचा घराला होणारा हा उपयोग लहान समजू नये.