पाटीवरच्या पोरी

मैत्रिणींनो, शाळेत असताना तुम्ही खो-खो खेळला असालच. लातूर-नांदेडकडच्या शाळांत दुसरे होते तरी काय? एक मोकळे मैदान, दोन खांब आणि फक्कीच्या रेघा! पण आता आठवून सांगा बघू, शेवटचं कधी धावलात? सुटणारी एस.टी. पकडायलाच ना?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. संध्याकाळी मुलींचा सराव सुरू झाला की वह्या तपासायच्या निमित्ताने मैदानाच्या कडेला रेंगाळते. आठजणी पाटीवर बसलेल्या, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे. नववी पाठलागावर. तिला अर्ध्यातून माघारी वळता येत नाही, बसलेल्यांची रांगही ओलांडता येत नाही. पळणारी मात्र कुठूनही निसटते. मग पाठलाग करणारीने काय करायचे? बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यायचा आणि तिच्या जागी आपण बसायचे. एकटीच्या वेगावर हा खेळ जिंकताच येत नाही. (सासू-सुना, जावा-जावा, ऐकताय ना?)

या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले.

पण मला सांगायचेय ते शेजारच्या सारिका काळेबद्दल. ती धाराशिवची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची. लातूर १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते, तेव्हा ती आपल्या घरचीच म्हणायची. तेराव्या वर्षी तिच्या मामाने तिला मैदानावर नेले. आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यापर्यंत नेतो. या मामाने मैदान दाखवले! घरची एवढी ओढाताण, की जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळायचे, असे तिनेच सांगितले आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षे आला नव्हता.

हे सगळे मी परवा एका आईला सांगत होते. तिची मुलगी दहावीत. खांबाला हात लावून अशी गर्रकन वळते, की बघत राहावे. आई म्हणाली, "बाई, आता बास करा म्हणावं हिला. उन्हात पार काळवंडली. उद्या पाव्हणे येतील बघायला. अन् रोजचे ते मातीचे कपडे! पाणी कुठंय धुवायला?"

रंगाचे मी हसण्यावारी नेले, पाण्याचे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूर प्यायले. घागरी मोजणाऱ्या घरात रोजचा एक जास्तीचा जोड म्हणजे खरीच अडचण. तिला सांगितले ते तुम्हालाही सांगते. मैदानावरचे कपडे ओले चोळू नका, डाग पसरतो. माती पूर्ण वाळू द्या, झटका, कोरड्या ब्रशने घासा, मग घरच्या धुण्याच्या शेवटच्या पाण्यात काढा. खेळण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, आल्यावर भाकरी आणि घट्ट वरण. महागाचे काही लागत नाही. पाळीच्या दिवसांत तिला बरे वाटत असेल तर खेळू द्या, दुखत असेल तर बसू द्या. तिलाच विचारा.

अमेरिकेत 'रोलर डर्बी' म्हणून बायकांचा एक खेळ आहे. चाकांचे बूट घालून गोल धावपट्टीवर एकमेकींना अडवत पुढे निसटायचे. टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात २००१ साली बायकांनी त्याला नव्याने उभे केले. दिवसा शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या बायका वर्गणी काढतात, तिकिटे विकतात, संघही स्वतःच चालवतात. कितीतरी जणी तिशी उलटल्यावर पहिल्यांदा बूट चढवतात. आणि आपण? अठराव्या वर्षी पोरीचे बूट माळ्यावर टाकतो!

ती आई शनिवारी मैदानावर आली होती. कुंपणापाशी पदर सावरत उभी राहिली, बराच वेळ. मुलीने एकीला चकवले तेव्हा तिच्या तोंडून "अगं, डावीकडं!" असे निघून गेले. मी विचारले, "तुम्ही खेळत होता?"

"आठवीपर्यंत," म्हणाली.

दिवाळीपर्यंत खेळू दे, म्हणून गेलीय. पुढचं मग बघू.