कुंपणातील फुलपाखरू

फुलपाखरांविषयी बोलावयाचे म्हटले की तो कवींचा व बालकांचा विषय वाटतो; कामगार चळवळीतल्या माणसांनी त्यात पडू नये, असेही कोणी म्हणेल. परंतु फुलपाखरे का नाहीशी होतात याचा माग काढू लागले म्हणजे गाठ पडते ती मजुरीशी, बाजारभावाशी आणि जमिनीच्या वापराशी. इंग्लंडातील एका निळ्या फुलपाखराची हकीकत या बाबतीत बोलकी आहे.

‘लार्ज ब्लू’ हे त्याचे नाव. नाव मोठे असले तरी पंख पसरून ते जेमतेम दीड-दोन इंच भरते. थाइम नावाच्या, ओव्यासारखा वास येणाऱ्या बुटक्या रोपाच्या कळ्यांवर त्याची मादी अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुले खाते व मग जमिनीवर उतरते. तेथे लाल मुंगी तिच्या वासाने फसते, तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते. आणि ही पाहुणी पुढे सुमारे दहा महिने मुंग्यांचीच पिल्ले खाऊन पोसते. (आयत्या बिळावर नागोबा! ही म्हण आणखी कोणाला लावण्याचा मोह आम्ही येथे आवरतो.)

हे फुलपाखरू दुर्मिळ होऊ लागले तेव्हा दोष संग्राहकांवर गेला. हौशी लोक जाळी घेऊन येत, फुलपाखरे टाचणीने टोचून पेटीत ठेवीत. संशय येणे स्वाभाविक होते. त्यांना अडविण्यासाठी कुंपण घातले गेले. कुंपणाने माणसे अडली, तशी गुरेमेंढ्याही अडली, आणि फुलपाखरू कुंपणाच्या आतच संपले.

पुढे १९७० नंतरच्या दशकात जेरेमी टॉमस या शास्त्रज्ञाने उरलेल्या वस्तीत चिकाटीने निरीक्षण केले. लाल मुंग्यांच्या अनेक जाती अळीला घरी नेतात खऱ्या, परंतु ती नीट जगते एकाच जातीच्या वारुळात, असे त्यांना आढळले. या जातीस उबदार माती लागते. उतारावरील गवत जनावरांनी इंच-सव्वा इंचापर्यंत खुडलेले असले तर ऊन मातीपर्यंत पोचते. गवत वाढले की माती दोन-तीन अंशांनी थंडावते, आणि ही मुंगी हटते.

मग गवत का वाढले? चढणीच्या हलक्या जमिनीवर गुरे चारणे परवडेनासे झाले, म्हणून शेतकऱ्यांनी ते सोडले. काही काळ ते काम सशांनी केले. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये शिरला. पिकांचा शत्रू मरतो म्हणून काहींनी तो हातांनी पसरविला, आणि ससे जवळजवळ संपले. थाइम होते, मुंग्याही होत्या, पण हव्या त्या नव्हत्या. १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसे झाले. उलगडा झाला होता, पण उशीर झाला होता.

कारखान्यात अपघात झाला की पहिली चौकशी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची होते. त्याची पाळी किती तासांची होती हे नंतर विचारतात, पुष्कळदा विचारीतच नाहीत. संग्राहकाचे तसेच झाले. तो निर्दोष होता असे नव्हे. पण ज्याने गवत वाढू दिले तो व्यवहार कोणाच्याच नजरेस आला नाही.

आमच्याकडे २०१५ साली ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. सन्मान योग्यच आहे. मात्र त्याची अळी लिंबू-पपनसाच्या कुळातील झाडांची पाने खाते, आणि बागेत पान कुरतडलेले दिसताच आम्ही औषधाचा पंप उचलतो. बागाईतदाराला दोन पाने सोडून देणे परवडेल असा भाव मिळतो काय, हा प्रश्न त्या सन्मानाच्या वेळी कोणी विचारलेला आम्हांस तरी ऐकू आला नाही.

इंग्लंडात १९८३ पासून स्वीडनमधील लार्ज ब्लू आणून पुन्हा वसविण्यात आले. आज सॉमरसेटच्या टेकड्यांवर ते उडते. त्यासाठी आधी झुडपे तोडावी लागली व जनावरे पुन्हा चढणीवर न्यावी लागली. ती केव्हा सोडावयाची आणि थाइम फुलण्याच्या दिवसांत केव्हा काढून घ्यावयाची, हे आता मुंगीकडे पाहून ठरते.