जुन्या बग्गीला नवी मोटर

जपानच्या तामिया कंपनीची ‘ग्रासहॉपर’ ही रिमोटवरची बग्गी १९८४ साली आली. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, जोर फक्त मागच्या चाकांना, आणि मोटर ३८० आकाराची, म्हणजे तशी लहानच. त्याच वर्षीच्या ‘हॉर्नेट’ला ५४० आकाराची मोठी मोटर मिळाली. अशा गाडीचं प्लास्टिक धड असेल, तर तिला आजची मोटर आणि बॅटरी घालून पळवता येते. मात्र नुसती मोटर बदलून भागत नाही.

सातारा-सांगलीत हे वेगळं समजावून सांगायला नको. किर्लोस्करवाडी १९१० पासून या मुलखात आहे, साताऱ्याच्या कूपरची इंजिनं शेतात राबली आहेत, आणि देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने जुने सुटे भाग जुळवून किकवर सुरू होणारी जीप केली, ती २०२१ मध्ये देशभर गाजली. विहिरीवर जास्त एचपीची मोटर बसवली की केबल आणि स्टार्टरही बदलावा लागतो. बग्गीचंही तेच: ताकद वाढली की दुखणं पुढच्या भागात सरकतं.

जुन्या मोटरीत कार्बन ब्रश घासतात, झिजतात, ठिणग्या पडतात. ब्रशलेस मोटरीत ते नसतातच. तिला तीन वायरी असतात आणि कोणत्या गुंडाळीत केव्हा प्रवाह सोडायचा हे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर ठरवतो. मोटरीवर ‘३३०० केव्ही’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ किलोव्होल्ट नव्हे; भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे. ७.४ व्होल्टवर मिनिटाला चोवीस हजारांच्या वर! चाळीस वर्षांच्या गिअरांना एवढा वेग देणं हा अन्याय आहे. अशा गाडीला सौम्य मोटरच शोभते.

गिअरबॉक्स आधी उघडावा. वाळलेलं ग्रीस पुसावं, प्लास्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घालावेत. पिनियन, म्हणजे मोटरीवरचा लहान गिअर, मागेपुढे सरकवता येत असेल, तर दोन गिअरांमध्ये कागदाची पट्टी धरून अंतर जुळवावं. ही कामं खर्चाने किरकोळ, पण सगळ्या बदलात सर्वांत मोलाची. शिवाय सांगलीच्या काळ्या रानातली माती असो की कासच्या वाटेवरचा तांबडा फुफाटा, गिअरबॉक्सच्या फटीतून आत शिरतोच. तेव्हा झाकण घट्ट बसलंय ना, हे पाहावं.

बॅटरीत खरी जोखीम आहे. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये १.२ व्होल्टचे सहा सेल असत, एकूण ७.२. आजच्या दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो, पॅकचे ७.४ व्होल्ट धरतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ते ८.४ होतात. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो, म्हणून कंट्रोलरमधला लिपो कट-ऑफ चालू हवा. चार्जर सगळे सेल सारखे भरणारा, म्हणजे बॅलन्सचाच, घ्यावा आणि चार्जिंग चालू असताना माणूस जवळ हवा. फुगलेला पॅक पुन्हा वापरू नये. एप्रिल-मे महिन्यात उन्हातल्या बंद मोटारीत तर लिपो मुळीच ठेवू नये.

चौकोनी लिपो बॅटरीच्या गोल कडांच्या जुन्या खणात पुष्कळदा बसत नाही. तेव्हा चासी कापण्याआधी खणात मावणारा लहान पॅक शोधावा. गाडी थोडी कमी वेळ पळेल, पण १९८४ ची चासी अखंड राहील, आणि मूळ मोटर जपून ठेवली असेल तर ती केव्हाही परत चढवता येईल.