ध्रुवित प्रकाश व ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे

चुंबकीय क्षेत्रातील अणूंच्या वर्णपटरेषेचे अनेक घटकांत विभाजन होते. या झीमान परिणामाच्या (१८९६) आधारे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये सौर डागांतील चुंबकीय क्षेत्र ओळखले. दूरच्या ताऱ्यांच्या बाबतीत हे इतके सुलभ नाही. १,००० गौस क्षेत्रात ५,००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा साधारणतः ०.०१२ अँगस्ट्रॉम एवढीच सरकते आणि ताऱ्याच्या अक्षीय भ्रमणाने रुंदावलेल्या रेषेत हे विभाजन बुजून जाते. तथापि क्षेत्र निरीक्षकाच्या दृष्टिरेषेत असल्यास दोन बाजूंच्या घटकांचे वर्तुळाकार ध्रुवण परस्परविरुद्ध असते. त्यामुळे डाव्या व उजव्या ध्रुवणाचे वर्णपट वेगवेगळे घेऊन त्यांतील रेषांचे सूक्ष्म अंतर मोजता येते. होरेस बॅबकॉक यांनी १९४६ मध्ये कन्या राशीतील ७८ क्रमांकाच्या ताऱ्याचे क्षेत्र याच रीतीने शोधले. मात्र मापन शून्य आले म्हणजे क्षेत्र नाही, असे समजू नये. बिंबावरील विरुद्ध ध्रुवतेचे भाग एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात.

ताऱ्यांच्या प्रकाशात आढळणारे रैखिक ध्रुवण ही बहुधा निराळीच बाब असते. हिल्टनर व हॉल यांना ते १९४९ मध्ये आढळले. चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेत जुळलेल्या लांबट आंतरतारकीय धूलिकणांतून येताना प्रकाश अंशतः ध्रुवित होतो. म्हणजे कळते ते ताऱ्याचे नव्हे, तर वाटेतील अवकाशाचे क्षेत्र. अशा अभ्यासासाठी पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत (स्थापना १९८८) ध्रुवणमापक बनविण्यात आले. संस्थेची २ मी. व्यासाची दूरदर्शक जुन्नरजवळ गिरवली येथे आहे.