हरलेला डाव पुन्हा मांडा

नाशिकचा बुद्धिबळपटू विदित गुजराथी २०२३च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरला, तरी ११ फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवून विजेता ठरला. एका पराभवाने काही बिघडत नाही. तो डाव न तपासता सोडला, तर मात्र तीच चूक पुन्हा होते. माजी विश्वविजेते मिखाईल बोट्विनिक यांनीही स्वतःच्या डावांच्या विश्लेषणावर कायम भर दिला.

त्यासाठी पट, वही आणि पेन पुरे. खेळताना प्रत्येक खेळी लिहा. डाव संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, तो पुन्हा मांडा आणि कुठे काय विचार केला होता ते शेजारी नोंदवा. संगणकाचे इंजिन लगेच उघडू नका. ते योग्य खेळी सांगते, पण तुमचा विचार कुठे चुकला हे तुम्हालाच शोधावे लागते.

समजा, पांढऱ्याने किल्लेकोट केला आहे आणि राजासमोरची तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. काळा हत्ती पहिल्या ओळीत उतरतो आणि मात! ‘हत्ती दिसला नाही’ एवढेच लिहून थांबू नका. मागे जा. एच२ वरचे प्यादे वेळीच एच३ वर सरकवले असते, तर राजाला वाट मिळाली असती.

चार-पाच डावांच्या नोंदी एकत्र वाचा. जी चूक वारंवार दिसेल, तिचाच सराव आधी करा.