बुर्त्से : हिमप्रदेशातील एका उपक्षुपाचा मागोवा

लडाखचे चांगथांग पठार, त्याच्या उत्तरेचा काराकोरमचा मुलूख आणि त्याहीपलीकडील पामीर या प्रदेशांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे प्रवासी, मोजणीदार, वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जाऊन आले, त्यांच्या लेखनात एका ठेंगण्या, करड्या उपक्षुपाचा उल्लेख हटकून येतो. आणि तो शास्त्रीय वर्णनापेक्षा मुक्कामाच्या हकिकतीतच, आज सरपण मिळाले किंवा मिळाले नाही अशा नोंदींतून, अधिक वेळा येतो. लडाखात त्यास बुर्त्से म्हणतात, पामीरच्या किरगीझ वस्त्यांत तेरेस्केन. चाकवत, पालक आणि कोकणच्या खाजणांत उगवणारी मोरस ज्या कुळात गणली जातात, त्याच कुळातील ही वनस्पती. भरतीच्या पाण्याने खारावलेली भूमी आणि साडेचार हजार मीटरांवरील गोठलेले वाळवंट अशा दोन टोकांना एकाच कुळाने वस्ती करावी, यात मला मोठे आश्चर्य वाटत नाही. कारण पाणी डोळ्यांसमोर असूनही मुळांच्या हाती लागत नाही, ही अडचण दोन्ही ठिकाणी एकच आहे.

शास्त्रीय दप्तरात तिची पहिली नोंद लिनीअसने 1753 साली ‘ऍक्सिरिस सेरॅटॉइडिस’ या नावाने केली. पुढे 1772 मध्ये ग्युल्डेनश्टेट याने कामचाटकाचा संशोधक स्तेपान क्राशेनिनिकोव याच्या स्मरणार्थ ‘क्राशेनिनिकोविया’ ही प्रजाती स्थापिली. तरीही एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बराच काळ ‘यूरोशिया’ हेच नाव प्रचारात राहिले, व हुकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथातही तेच आले. नावांचा हा गुंता आज क्राशेनिनिकोवियाच्या बाजूने सुटला आहे, एवढे सांगून पुढे जावे हे बरे.

हिमालयापलीकडील तिच्या इतिहासाचा खरा आरंभ 1847 साली होतो. लडाख आणि तिबेट यांची सरहद्द निश्चित करण्यासाठी कंपनी सरकारने कनिंगहॅम, हेन्री स्ट्रॅची आणि टॉमस टॉमसन यांची मंडळी रवाना केली; त्यांपैकी टॉमसन हा पेशाने वैद्य, परंतु वृत्तीने पूर्णपणे वनस्पतिशास्त्रज्ञ. तो 1848 च्या ऑगस्टात काराकोरम खिंडीपर्यंत पोहोचला, आणि 1852 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात या उजाड मुलखाच्या वनस्पतींचे विवेचन मोठ्या आस्थेने आलेले आहे. लेह ते यारकंद या व्यापारी वाटेवर देपसांगच्या अलीकडे बुर्त्सा नावाचा जो तळ आहे, तो या झुडपावरूनच ओळखला जातो. कारण घोड्यांस दाणा आणि माणसांस रसद एक वेळ बरोबर नेता येई, पण चूल पेटविण्याचे साधन वाटेवरच शोधावे लागे. त्याच वाटेवरील मुर्गो येथे 1874 च्या जूनमध्ये, फोर्साइथच्या यारकंद मोहिमेहून परतताना, मोहिमेतील भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का याचा अंत झाला. त्या उंचीवर जगणे व मरणे यांतील अंतर किती थोडे आहे, याची कल्पना अशा नोंदींवरून येते.

आता प्रत्यक्ष झुडपाकडे वळू. सपाट स्टेपीत ते मीटरभर उंच होते, परंतु पठारावर वीतभर उंचीही त्यास पुष्कळ झाली. बुंधा काष्ठमय आणि वेडावाकडा असतो; त्यातून दर उन्हाळ्यात कोवळ्या फांद्या निघतात आणि हिवाळ्यात त्यांची टोके मरून जातात. पाने अरुंद व अखंड कडांची असून त्यांवर ताराकृती रोमांचे दाट आवरण असते, आणि त्यामुळेच सारे झुडूप दुरून राखेच्या रंगाचे दिसते. फुले एकलिंगी, पण दोन्ही प्रकारची एकाच झाडावर. नरफुले शेंड्याशी दाटीने येतात व प्रत्येकात चार परिदले आणि चार पुंकेसर असतात. मादीफुलास परिदले मुळीच नसून दोन छद एकमेकांस जुळून त्याभोवती नळीसारखे कवच करतात, त्या कवचाच्या माथ्यावर दोन शिंगे राहतात, आणि फळ पिकू लागले म्हणजे त्यावर लांब, रेशमी केसांचे चार पुंजके फुटतात. परागही वाऱ्याच्या हाती आणि बीजही वाऱ्याच्याच हाती. हे बीज फार वर्षे जिवंत राहत नाही. मात्र बर्फ वितळत असतानाच, गोठणबिंदूच्या जवळपासच्या थंडीत, ते रुजू शकते. जमिनीवर वीतभर दिसणाऱ्या या झाडाचे मूळ मात्र त्याच्या उंचीच्या कितीतरी पट खोल जाते. झाडाचे खरे भांडवल तिथे, आणि चुलीलाही नेमके तेच हवे असते.

त्याची व्याप्ती ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. स्पेनमधील एब्रो नदीच्या कोरड्या खोऱ्यात ते आहे, ऑस्ट्रियाच्या पूर्वभागी जुन्या स्टेपीचा अवशेष म्हणून तुरळक तग धरून आहे, आणि तिथून काळ्या समुद्राचा उत्तरप्रदेश, इराण, कझाकस्तान, पामीर, तिबेट, मंगोलिया अशी त्याची हद्द पसरत जाते. उत्तर अमेरिकेत युकॉनपासून मेक्सिकोपर्यंत त्याचेच भावंड आढळते, ज्यास काही शास्त्रज्ञ आता निराळी जातीही मानीत नाहीत. मिसूरीकाठी प्रवासी ल्युइसने गोळा केलेल्या नमुन्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ पर्शने 1814 साली त्याचे वर्णन केले होते.

पामीरमधील अलीकडचा काळ या सर्व वृत्तान्तात मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सोव्हिएत अंमलात 1930 च्या दशकात ओश ते खोरोग हा रस्ता झाला आणि पुढे कोळसा व तेल सवलतीने मुर्गाबपर्यंत पोहोचू लागले. 1991 नंतर हा पुरवठा कोसळला, पाठोपाठ यादवी युद्ध आले, आणि सुमारे 3,600 मीटरांवरील त्या गावात घरोघर तेरेस्केनच्या उपटलेल्या मुळांचे ढीग रचले जाऊ लागले. या उपटण्याने भूमीचे वाळवंट होत आहे असे मानून 2006 साली ब्रेकल आणि वुखरर या संशोधकांनी या अवस्थेस ‘तेरेस्केन सिंड्रोम’ असे नाव दिले. 2014 मध्ये क्राउडत्सुन, वान्सेलो आणि समीमी यांनी मात्र या समजुतीची कसून छाननी केली आणि सरसकट वाळवंटीकरणाच्या दाव्यास पुरेसा आधार नसल्याचे दाखविले. मला त्यांचे म्हणणे ग्राह्य वाटते. तथापि ज्या कुटुंबास सरपणासाठी दरसाल अधिक लांब जावे लागते, त्याच्या दृष्टीने प्रश्न साऱ्या पामीरचा नसून गावाभोवतालच्या टापूचा आहे, हेही तितकेच खरे.

चांगथांगमध्ये हेच झुडूप याक, क्यांग हे रानगाढव आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या यांच्याही तोंडी पडते, आणि हिवाळ्यात बर्फावर डोकावणाऱ्या त्याच्या फांद्या चांगपा पशुपालकांच्या कळपांना मोठा आधार देतात. चराई बेताची असेल तर ते सोसते, कारण वरचा भाग खुडला गेला तरी बुंध्याजवळच्या कळ्यांतून नव्या फांद्या निघतात. कुदळीने मूळ काढले म्हणजे मात्र त्या कळ्याही जातात, आणि ती जागा पुन्हा भरून यायची तर वाऱ्यावर आलेल्या एखाद्या अल्पायुषी बीजास नेमकी ओल सापडावी लागते.